फिरत्या मजल्यावरचा ओळंबा

गवंडी भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीच्या टोकाला जे वजन टांगतो, त्याला ओळंबा म्हणतात. भिंत वाकडी असेल, गवंडी चिडलेला असेल, घराचा मालक उन्हात उभा राहून घाई करत असेल; ओळंब्याला त्याचे काही सोयरसुतक नसते. तो आपला सरळ खाली लोंबतो. शहरातल्या सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यावर एक फिरते उपाहारगृह होते. तिथल्या सर्वांत जुन्या वेटरला सगळे याच नावाने हाक मारीत. नाव आचाऱ्याने ठेवले होते. काठोकाठ भरलेला सूपचा बाऊल घेऊन हा गृहस्थ स्वयंपाकघराच्या खिडकीपासून टेबलापर्यंत जाई, आणि सूपवर साधा तरंगही उठत नसे. "हा माणूस नाही, ओळंबा आहे," असे आचारी एकदा सहज म्हणाला. ते नाव इतके घट्ट चिकटले की हजेरी घेणारा कारकूनसुद्धा खरे नाव आठवण्यासाठी क्षणभर छताकडे पाही.

या उपाहारगृहाची रचना आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निर्माण झाला. मजल्याच्या मधोमध एक जाड गाभा होता. त्यात लिफ्ट, स्वयंपाकघर आणि भांडी धुण्याची खोली. हा गाभा हलत नसे. सर्वांत बाहेरच्या बाजूला काचेच्या मोठ्या खिडक्यांची भिंत. तीही हलत नसे. या दोहोंच्या मध्ये, अंगठीसारखी गोल, टेबलांनी भरलेली जमीन होती, आणि ती तेवढी हलत असे. साधारण तासाभरात तिची एक फेरी पूर्ण होई. चाल इतकी मंद की नवख्या गिऱ्हाइकाला ती जाणवतही नसे. एखाद्या बाई पर्स खिडकीच्या कठड्यावर ठेवीत, सूप संपवून मान वर करीत, आणि पर्स शेजारच्या टेबलाची पाहुणी झालेली पाहून आरडाओरडा करीत. ओळंबा शांतपणे जाऊन पर्स आणून देई. "ती कुठं गेली नव्हती, बाई," तो अदबीने सांगे. "आपण गेला होता."

या फिरण्याचा उपयोग त्याच्याइतका दुसऱ्या कोणीच केला नव्हता. कोणत्या टेबलासमोर कोणता देखावा केव्हा येणार हे त्याला पाठ होते, आणि जेवणाचा क्रम तो त्यानुसार लावी. तुरुंगाची लांबलचक भिंत येई तेव्हा सूप. कारण भुकेल्या माणसाला समोर काय आहे ते दिसत नाही. मालधक्का आणि त्याच्यावरचा धूर येई तेव्हा मासा, कारण मासा खाणाऱ्याचे डोळे काट्यांवर असतात. नदी आणि तिच्यावरचा पूल मात्र तो पुडिंगसाठी राखून ठेवी. एखादे जोडपे घाईने जेवत सुटले, तर तो पाव आणायला मुद्दाम उशीर करी. पण पुलाशिवाय पुडिंग त्याने कोणाला वाढले नाही. गिऱ्हाईक खूश होऊन जाई आणि आपण का खूश झालो हे त्याला कळत नसे. ओळंब्याला ते कळे. तेवढ्यावर त्याचा संसार, त्याची झोप आणि त्याचा ताठ कणा उभा होता.

आता यातली विलक्षण गोष्ट अशी, की या माणसाला कोणतेही वाहन सोसत नसे. त्याचे मूळ शाळेत होते. भूगोलाच्या गुरुजींनी पृथ्वीच्या दोन गती शिकवण्यासाठी वर्गातल्या सर्वांत गलेलठ्ठ मुलाला मधोमध उभे करून त्याचा सूर्य केला, आणि ओळंब्याला आपल्या चाकांच्या, फिरत्या खुर्चीत बसवून त्याची पृथ्वी केली. पहिल्यांदा परिवलन, म्हणजे पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे. गुरुजींनी खुर्ची जागच्या जागी गरागरा फिरवली. खुर्ची थांबली तेव्हा पृथ्वी फळ्यासारखी सरळ बसलेली होती आणि आणखी फिरवा म्हणत होती. नंतर परिभ्रमण, म्हणजे सूर्याभोवती फेरी. दोन मुलांनी खुर्ची ढकलत न्यायला सुरुवात केली. सूर्याच्या पाठीमागे जाईपर्यंत पृथ्वीचा रंग उडाला, आणि सूर्यासमोर येता येता तिने सकाळी खाल्लेले सगळे सूर्याच्या सदऱ्यावर ओकून टाकले.

"आजवर कोणत्याही ग्रहाने असं केलेलं नाही," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

त्या दिवसापासून ओळंब्याने जगातल्या हालचालींची दोन भागांत कायमची वाटणी केली. जे स्वतःभोवती फिरते ते निरुपद्रवी. जे आपल्याला दुसऱ्या कशाभोवती फिरवत नेते ते पोट ढवळून काढते. बस, गाडी, रिक्षा या सगळ्या दुसऱ्या वर्गातल्या, कारण प्रत्येक वळण म्हणजे परिभ्रमणाचाच एक तुकडा. लिफ्ट वळत नाही, म्हणून ती माफ. तो कामावर चालत येई आणि चालत घरी जाई. नोकरी धरतानाही त्याने उपाहारगृहाच्या तेव्हाच्या मालकांना सर्वांत आधी हेच विचारले होते. "जमीन फिरते म्हणजे नेमकं काय करते? रोटेट होते की रिव्हॉल्व्ह?" मालकांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी मोटरवरची पितळी पाटी वाचून सांगितले, "रोटेट. स्वतःभोवती. पृथ्वीसारखी." ओळंब्याचे समाधान झाले आणि तो वीस-बावीस वर्षे निर्धास्तपणे सूप वाहत राहिला.

यंत्रांची तपासणी करणाऱ्या खात्यातून दर वर्षी एक वयस्कर गृहस्थ येत. ते मोटरला कान लावीत, पुडिंग खात आणि "उत्तम" म्हणून निघून जात. ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. जाड चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी मोटरला कान लावला नाही आणि पुडिंगही नाकारले. खिडकीजवळच्या टेबलापाशी बसून, हाताची घडी घालून, त्यांनी जमिनीची एक संपूर्ण फेरी पाहिली आणि मग मॅनेजरला बोलावले.

"ही जमीन काय करते?"

"फिरते, मॅडम."

"ते दिसतंय. कशी?"

"रोटेट होते. मोटरवर तशी पाटीच आहे."

"आणि खाली दारावर काय लिहिलंय?"

मॅनेजरने आठवून सांगितले. "रिव्हॉल्व्हिंग रेस्टॉरंट."

"खाली रिव्हॉल्व्ह, वर रोटेट. मधे लिफ्टमध्ये काय होतं?"

मॅनेजर हसला. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्याने हसणे आवरते घेतले.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "जमीन रोटेट होते, मान्य. तिचा आस तिच्याच मध्यावर आहे. पण मी म्हणजे जमीन नाही. मी खुर्चीत बसले तेव्हा माझ्यासमोर पाण्याची टाकी होती. मग तुरुंग आला, मालधक्का आला, नदी आली, पुन्हा टाकी आली. या सगळ्या वेळात मी ज्या आसाभोवती फिरत होते, तो आस माझ्या अंगात नव्हता."

"मग कुठं होता, मॅडम?"

बाईंनी गाभ्यातल्या खिडकीकडे बोट केले. "त्यांच्या अंगात."

खिडकीतून आचाऱ्याने डोके बाहेर काढले. "माझ्या?"

"तुम्ही मधोमध उभे आहात. सगळी गिऱ्हाइकं तुमच्याभोवती रिव्हॉल्व्ह होतायत."

"आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही!" आचारी कमालीचा सुखावून म्हणाला.

"म्हणजे जमीन रोटेट होते आणि माणसं रिव्हॉल्व्ह होतात," बाईंनी निर्णय दिला. "माझं खातं जमिनीपुरतं. पण माणसांना एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणाऱ्या वस्तूला वाहन म्हणतात."

"पण मॅडम, ती फिरून परत तिथंच येतात की!"

"बससुद्धा संध्याकाळी डेपोत परत येते. तुम्ही वाहन चालवताय, तेही परवान्याशिवाय. वाहनांचंही काम सध्या माझ्याकडेच आहे, त्यामुळे तुम्हाला हेलपाटे पडणार नाहीत."

हे संभाषण चालू असताना ओळंबा शेजारच्या टेबलासाठी सूप घेऊन त्यांच्या पाठीमागून जात होता. त्याने प्रत्येक शब्द ऐकला. तो थांबला आणि त्याने हातातल्या बाऊलकडे पाहिले. सूपच्या मधोमध एक बारीक वर्तुळ उमटले, पसरत पसरत काठापर्यंत गेले, आणि त्याच्या मागोमाग दुसरे उमटले. त्याने बाऊल जवळच्या टेबलावर, भलत्याच गिऱ्हाइकासमोर ठेवला, रुमाल तोंडाला लावला आणि भांडी धुण्याच्या खोलीकडे धाव घेतली.

पुढचे काही दिवस उपाहारगृहाचे वाहनात रूपांतर होण्यात गेले. भोंगा बसला, सकाळी जमीन सुरू करण्यापूर्वी तो वाजवणे बंधनकारक होते. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने पहिल्याच सकाळी भलताच दात उपटला, अशी बातमी लिफ्टमधून वर आली. वाहनाला पुढे एक आणि मागे एक क्रमांकाची पाटी हवी होती. पण अंगठीला पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती यावर मॅनेजरचे डोके चालेना. शेवटी आचाऱ्याने तोड काढली. अंगठीचे पुढचे टोक जिथे संपते तिथेच मागचे सुरू होते, तेव्हा दोन्ही पाट्या एकमेकींना चिकटून लावाव्यात. बाईंना हे तर्कशुद्ध वाटले. बटण दाबायला परवानाधारक चालक हवा म्हणून मॅनेजरने स्वतःच परीक्षा दिली. त्याला जमीन उलटी चालवून दाखवावी लागली, आणि त्या वेळी नाश्ता करत बसलेल्या लोकांना नदीनंतर पुन्हा मालधक्का आल्यामुळे आपण कालच्याच दिवसात चाललो आहोत असे वाटून त्यांनी बिले मागवली.

ओळंब्याची अवस्था मात्र बघवत नव्हती. जमिनीवर पाय ठेवला की पोटात ढवळे. गाभ्यात, स्वयंपाकघराच्या फरशीवर गेला की बरे वाटे. पण टेबले बाहेर होती. आचाऱ्याने त्याला चोखायला लिंबू दिले. ते तोंडात असल्यामुळे "आपल्याला काय हवं?" हे वाक्य गिऱ्हाइकांना धमकीसारखे ऐकू येऊ लागले. दूरवर नजर ठेव, असे मॅनेजरने सुचवले. पण दूर जे जे होते ते सगळे एकापाठोपाठ एक निघून चालले होते. डोळे मिटून चालण्याचा प्रयोग त्याने एकदाच केला, आणि एका टकल्या सद्गृहस्थांच्या डोक्यावर टोमॅटोचे सूप ओतले गेले. त्या वेळी समोर नदीवरचा पूल होता. ओळंब्याला गिऱ्हाइकाच्या ओरडण्यापेक्षा याचेच जास्त दुःख झाले.

मॅनेजरने त्याला बाजूला घेतले. तो वाईट माणूस नव्हता, पण सध्या तो भोंग्याच्या बाजूला बसत असल्यामुळे त्याचा आवाज चढलेला असे.

"ओळंबेसाहेब, तुम्ही आमचे जुने माणूस. म्हणून सांगतो. या आठवड्यात हे पोट ठिकाणावर आणा. नाहीतर तळमजल्यावर कोट आणि छत्र्या सांभाळायची खोली आहे. जमीन पक्की आहे तिथली."

"तिथं टेबलं आहेत?"

"खुंट्या आहेत."

"आणि खिडकी?"

"खिडकीचं काय करायचंय तुम्हाला? छत्र्यांना बाहेरचं बघायचं असतं का?"

त्या दुपारी ओळंबा सुट्टी घेऊन घरी गेला. त्याची बायको मशीनवर पडदे शिवत बसली होती. त्याने सगळे सांगितले. तिने पाय न थांबवता ऐकून घेतले.

"अहो, पण परवा होती तीच जमीन आज आहे ना?"

"जमीन तीच आहे. मी तिच्यावर काय करत होतो ते आता कळलं."

"मग विसरून जा."

"कळलेलं कसं विसरायचं?"

"माझ्या माहेरचं लग्नकार्य कसं विसरता दर वेळी? तसंच."

तिने दोरा दाताने तोडला. "मी इतकी वर्षं या घरात तुमच्याभोवती फिरतेय. मला नाही कधी मळमळलं."

"तू फिरतेस. तुला कुणी फिरवत नाही."

"हे तुमचं मत," ती म्हणाली, पण मग तिने मशीन थांबवून त्याच्याकडे नीट पाहिले. कोट न काढता, टाय न सोडता, तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. वेटर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला तर जसा बसेल तसा. "छत्र्यांचं काम इतकं वाईट आहे का हो?"

"छत्रीला काय वाढणार, सांग ना?" तो म्हणाला. "कोट घ्यायचा, खुंटीला लावायचा, परत द्यायचा. पुडिंग कुणाला केव्हा द्यायचं हे तिथं कुणी विचारणार नाही. मला दुसरं काही येत नाही गं."

तिने त्याला पाणी दिले, आणि ग्लास काठोकाठ भरलेला असूनही त्याच्या हातात तो स्थिर राहिला, हे दोघांनीही पाहिले.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्याच दिवशी बाई परवान्याची अखेरची तपासणी करायला येणार होत्या. मॅनेजर सकाळपासून घामाघूम होता, आणि ओळंब्याला त्याने नुसते कोटांच्या खोलीची किल्ली दाखवून खिशात ठेवली होती. ओळंबा एका टेबलाची मागणी घेऊन कसाबसा स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आला. तिथे त्याला इतके गरगरले की त्याने खिडकीची फळी दोन्ही हातांनी गच्च धरली. फळी गाभ्याची; ती हलत नव्हती. जमीन मात्र खिडकीच्या खालूनच, थेट भिंतीपासून सुरू होत होती, आणि ती त्याचे पाय हळूहळू ओढून नेऊ लागली.

"सोड माझी खिडकी," आचारी आतून म्हणाला. "बश्या कुठून देऊ?"

"सोडली तर पडेन."

"मग पाय तरी सरळ कर! तिरका झालायस. ओळंबा म्हणवतोस ना?"

ओळंब्याने पाय सरळ केले, म्हणजे जमीन ज्या बाजूला नेत होती तिच्या उलट बाजूला एक छोटे पाऊल टाकले. जमिनीने पुन्हा ओढले. त्याने पुन्हा पाऊल टाकले. असे बराच वेळ चालले. मग त्याच्या लक्षात आले की आपल्याला मळमळत नाही. त्याने भीत भीत फळीवरचा एक हात काढला. मग दुसरा. पाठ खिडकीकडे करून तो बाहेर पाहू लागला. समोर काचेपलीकडे पाण्याची टाकी होती. थोड्या वेळाने पाहिले, तरी टाकीच होती. टेबले डावीकडून येत होती, उजवीकडे जात होती. तो अधूनमधून एक पाऊल डावीकडे सरकवी, आणि आचारी, टाकी आणि तो, असे तिघे एका रेषेत राहत.

"मला कुणी नेत नाहीये," तो पुटपुटला.

"कुणी नेलं तर बरं होईल," आचारी म्हणाला. "हे सूप घे."

ओळंब्याने मागे हात करून सूप घेतले. डावीकडून एक टेबल येत होते. ते समोर आल्यावर त्याने वाकून बाऊल ठेवला, एक पाऊल सरकला, पावाची टोपली ठेवली, एक पाऊल सरकला, आणि टेबल पुढे निघून गेले. सूपवर तरंग उठला नव्हता. पुढच्या टेबलाने मागणी सांगितली. ती त्याने खांद्यावरून आत ओरडून सांगितली. सूप आणि पाव तो लगेच देई. ज्या पदार्थांना वेळ लागे ते तयार होईपर्यंत टेबल गाभ्याच्या पलीकडे गेलेले असे, आणि ते बाकीचे वेटर धावत पोहोचवीत. हे पाहून मॅनेजर धावत आला.

"हे काय चाललंय?"

"वाढतोय, साहेब."

"गिऱ्हाइकाकडे जातो तो वेटर! गिऱ्हाईक ज्याच्याकडे येतं त्याला काउंटर म्हणतात. आणि काउंटरला आम्ही पगार देत नाही!"

"पण मी चालतोय, साहेब. सकाळपासून चालतोय. बघा." आणि ओळंब्याने एक पाऊल टाकले.

"चालताय तर पोहोचत का नाही कुठं?"

ओळंब्याजवळ उत्तर होते, पण तेवढ्यात लिफ्टचे दार उघडले आणि बाई आल्या. मॅनेजर त्यांच्याकडे पळाला.

बाईंनी पाट्या पाहिल्या, भोंगा वाजवून घेतला, मग विचारले, "प्रवाशांचा थांबा कुठे आहे?"

मॅनेजरने अभिमानाने जमिनीवर रंगवलेला पिवळा चौकोन दाखवला. बाई त्याच्या शेजारच्या टेबलापाशी बसल्या आणि त्यांनी कॉफी मागवली. कॉफी संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

"मी आले तेव्हा तुमचा थांबा टाकीसमोर होता," त्या कप खाली ठेवत म्हणाल्या. "आता तो तुरुंगाकडे निघालाय. थांबाच प्रवासाला गेला तर प्रवाशांनी थांबायचं कुठे?"

"मग लिफ्टचं दार धरा, मॅडम. ते हलत नाही."

"तो लिफ्टचा थांबा. शिवाय तो मार्गावर नाही. थांबा वाहनाच्या मार्गावर हवा, पण वाहनाबरोबर न जाणारा."

"कसा असेल?" मॅनेजर रडकुंडीला आला. "रस्ता आणि गाडी एकच आहे हो आमची! रस्त्यावर जे ठेवाल ते जाणारच!"

"मग मला जमीन बंद करावी लागेल," बाई म्हणाल्या, आणि उठल्या. लिफ्टकडे जाण्यासाठी त्या पुढे गेल्या होत्या तेवढेच अंतर उलट चालत आल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आल्यावर थबकल्या. ओळंबा एका आजीबाईंना सूप वाढत होता. बाईंनी चष्मा पुसला. त्या जमिनीवरून थेट खिडकीच्या फळीवर चढून बसल्या, म्हणजे त्यांना स्वतःला कोणी नेऊ नये, आणि तिथून ओळंब्याच्या डोक्याकडे व त्याच्यापलीकडच्या टाकीकडे एक डोळा मिटून पाहू लागल्या. आचाऱ्याने त्यांच्या बाजूने बश्या सरकवणे चालू ठेवले. कितीतरी टेबले आली आणि गेली. डोके टाकीवरून ढळले नाही.

"हे गृहस्थ इथे केव्हापासून आहेत?"

"सकाळपासून माझं डोकं खातोय," आचारी म्हणाला.

"आणि हे जमिनीवर आहेत?"

"पाय बघा की, मॅडम."

बाईंनी पाय पाहिले. मग त्या मॅनेजरकडे वळल्या. "हे मार्गावर आहेत, आणि वाहनाबरोबर जात नाहीत."

मॅनेजरने ओळंब्याकडे असे पाहिले की जणू तो त्याला पहिल्यांदाच पाहत होता. "हा थांबा आहे?"

"नियमात थांबा खांबाचा असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. स्थिर असावा आणि लांबून दिसावा. दोन्ही आहे." बाई फळीवरून उतरल्या. "मात्र संमती हवी. थांब्याला मी आजवर कधी विचारलं नव्हतं, पण हा बोलतो, तेव्हा विचारलं पाहिजे. अहो, तुम्हाला चालेल का?"

ओळंब्याने एक पाऊल टाकले. "मला जागा सोडता येणार नाही?"

"कामाच्या वेळात नाही. तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला उभं राहता आलं, तर जेवायला सुट्टी."

"आणि नदी?"

"कोणती नदी?"

"पुलाची. इथून फक्त टाकी दिसते, मॅडम. मला पुडिंग नदीपाशी द्यायची सवय आहे."

बाईंनी टाकीकडे पाहिले. ती करडी होती आणि तिच्या एका बाजूला गंज चढला होता. "नदी मिळणार नाही," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला.

आचारी आतून म्हणाला, "अरे, कोणतं टेबल केव्हा नदीपाशी जातं ते तुला तोंडपाठ आहे ना? तू इथून सांग, पुडिंग बाकीचे नेतील. नाहीतरी ते पुलापाशी डुलक्या काढतात."

"पाव उशिरा न्यायलाही सांगावं लागेल."

"सांग की. इतकी वर्षं मलाच सांगतोयस."

"एकच विचारतो, मॅडम," ओळंबा म्हणाला. मॅनेजरचा हात किल्लीच्या खिशात होता आणि ओळंब्याचे डोळे त्या खिशावर होते. "थांबा झालो, तरी मी वेटर राहणार ना?"

बाईंनी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. त्या चुकीचे उत्तर देणाऱ्यांपैकी नव्हत्या.

"थांब्याने वाढू नये असा नियम माझ्या पाहण्यात नाही," त्या म्हणाल्या.

मॅनेजरने किल्ली काढली, तिच्याकडे पाहिले, आणि आता ती कोणाला द्यायची हे न सुचून आचाऱ्याच्या खिडकीत ठेवून दिली. ओळंब्याने कोटाची बटणे तपासली, टाय सरळ केला आणि मान ताठ केली. डावीकडून एक टेबल येत होते. तिथे एक आजोबा आपल्या सुनेबरोबर बसले होते. बाईंचे बोलणे त्यांनी सगळे ऐकले होते. समोर थांबा येतो आहे असे पाहून त्यांनी अर्धवट उठून, बस थांबवण्यासाठी दाखवतात तसा, हात दाखवला.

"बसा, बसा," ओळंबा अदबीने म्हणाला. त्याने मागे हात करून सूप घेतले, वाकून त्यांच्यासमोर ठेवले, आणि ते पुढे निघून जात असताना डावीकडे एक पाऊल टाकले.